भुरीचं सात दिवसांचं दूध

नाना,

काल तुमची गंधमुक्ती झाली. पाहुणे गेले, मांडव निघाला, भाड्याची पातेली परत गेली. आणि मी, तुमची थोरली आणि एकुलती एक सून, तेरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. तुपात कुस्करलेल्या तीन बट्ट्या खाल्ल्या, वर वरण मागून घेतलं. त्यानंतर जी आडवी झाले ती सकाळी गाई हंबरल्या तेव्हाच उठले. सासरा गेल्यावर अशी जेवणारी आणि अशी झोपणारी सून पाहून बायका काय म्हणाल्या असतील ते म्हणोत. मला हलकं वाटतंय. का वाटतंय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून धारा आटोपून लिहायला बसले आहे.

तुम्ही किती साली जन्मलात, किती एकर राखलंत, ते सगळं काल माइकवर बोलून झालं. एकाने तर तुम्हाला 'खान्देशचं भूषण' केलं. तुम्ही ऐकलं असतं तर उपरणं तोंडावर घेऊन हसला असता. मला त्यातलं काहीच बोलायचं नाही. मला फक्त आपल्या भुरी गाईचं बोलायचं आहे. तीन श्रावण झाले, ते पोटात घेऊन फिरते आहे.

पण आधी आपल्या भांडणांचं बोलू, म्हणजे मला जरा धीर येईल. मी धुळ्याची, पोस्टातल्या माणसाची मुलगी. लग्नाआधी गाय मी रस्त्यातच पाहिलेली, तीही रिक्षाच्या आडवी आलेली. तुम्ही मला 'धुयावाली' म्हणायचात आणि पहिल्या वर्षी माझ्या हातात बादली द्यायलासुद्धा घाबरायचात. पुढे गोठा सेंद्रिय करायचं ठरलं, युरिया बंद झाला, बाहेरचं पशुखाद्य बंद झालं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कागद मीच वाचले. मग तुम्ही गावभर सांगत सुटलात, आमची सून शिकलेली आहे. तोंडावर मात्र कधी म्हणाला नाहीत.

मिल्किंग मशीन आणायचं ठरलं तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी गोठ्यात येऊन म्हणालात, "पोरी, गायना सडले नळी लावशी, मंग गाय कोनले वळखी?" मी म्हटलं, नाना, गाय चारा टाकणाऱ्याला ओळखते, आणि चारा तुम्हीच टाकणार आहात. ते तुम्हाला पटलं नाही, पण आवडलं. मशीन आलं. तरी दोन गाई तुम्ही हातानेच पिळत राहिलात. मी विचारलं, यांना वेगळा न्याय का, तर म्हणालात, "त्या मन्ह्या शेतस." बाकीच्या अठरा कुणाच्या होत्या हे मी कधी विचारलं नाही.

गोठ्याच्या पत्र्यावर सोलर बसलं तेव्हाही तसंच. आधी तुमचा विरोध, मग तुमचाच जीव त्याच्यात. आपल्याकडचा धुरळा म्हणजे सकाळी पुसलं की दुपारी बोट ओढून नाव लिहिता येईल असा. तुम्ही शिडी लावून वर चढायचात, ओलं फडकं काठीला बांधून एकेक पाटी पुसायचात. मी खालून ओरडायची, नाना, तुमचं वय काय, पडाल. तुम्ही वरून ओरडायचात, सूर्याला उशीर झालेला चालत नाही. त्या पाट्यांवर दुधाचा कूलर चालला, पाण्याची मोटर चालली, दुपारी गाईंवर पंखे फिरले. एप्रिलमध्ये गाई पंख्याखाली आणि माणसं घामात, हा तुमचा न्याय.

पण तुमचा खरा जीव होता गोबरगॅसवर. सोलर काय, कंपनीची माणसं आली आणि लावून गेली. गॅसचा खड्डा तुम्ही स्वतः उभं राहून खणलात, घुमटाच्या विटा स्वतः मोजून घेतल्यात. रोज शेण आणि पाणी कुंडीत तुम्हीच कालवायचात, हाताने, कोपरापर्यंत. निळी ज्योत पेटली की दोन मिनिटं चुलीसमोर उभे राहायचात. मला वाटायचं, देवाऱ्यापुढे तरी इतके उभे राहतात का.

आणि गिऱ्हाइकांचा तुमचा नियम. धुळ्याहून कुणी दूध मागितलं की आधी त्याने एकदा गोठ्यावर यायचं. गाय न पाहता दूध पिणारा माणूस तुम्हाला नको होता. देवपूरच्या एका बाईंना तर तुम्ही परत पाठवलंत, कारण त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. जे यायचे त्यांना गाईंची नावं सांगून झाली की तुमचं ठरलेलं वाक्य असायचं, "आमना गोठामा सुई येत नही." इंजेक्शनशिवायचं दूध म्हणून लोक खूश व्हायचे. मी पण खूश व्हायची, भुरी आजारी पडेपर्यंत.

तो श्रावण. कानबाईच्या सणाला आठ दिवस होते. त्या वर्षी देवीच्या नैवेद्याचे रोट आपल्याकडे होते, सगळी भावकी आपल्या दारात जेवायला येणार होती. आणि तुम्ही पारावर बसून सगळ्यांना सांगून आला होतात, "औंदानी कानबाई मन्हा गॅसवर. एक बी सिलिंडर लागाव नही." त्या आधीपासूनच भुरीची कास सुजलेली होती. तुम्ही कोरफड, हळद आणि चुना वाटून लेप लावत होतात, दिवसातून सात-आठ वेळा. त्या लेपाने आपल्या दोन गाई आधी बऱ्या झाल्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण भुरीची कास दगडासारखी झाली होती, अंग तापलं होतं, दुधात गाठी यायला लागल्या होत्या. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवू. तुम्ही म्हणालात, आणखी दोन दिवस थांब. आणि आमंत्रणं द्यायला बहिणीकडे शिरपूरला निघून गेलात.

त्या दुपारी भुरीने मान टाकली, नाना. तुमचा लेक दुधाची गाडी घेऊन धुळ्याला गेलेला. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी येऊन इंजेक्शन दिलं, आणखी दोन दिवस येऊन देतो म्हणाले, सडात सोडायच्या नळ्या माझ्या हातात दिल्या आणि बजावलं, हिचं दूध आठवडाभर कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका, माणसाच्या नाही, वासराच्याही नाही. मी त्यांना हात जोडून म्हटलं, नानांना सांगू नका. पुढची दोन्ही इंजेक्शनं तुम्ही शेतात गेलात की झाली. तिसऱ्या दिवशी भुरी उभी राहिली, चारा ओढायला लागली. त्याच रात्री तुम्ही शिरपूरहून आलात, तेव्हापासून लेप चालूच होता. तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "देख, लेपनं काम करं ना!" मी मान हलवली.

आता ते दूध. गटारात ओतलं तर पांढरा ओघळ दिसतो, वास येतो, माश्या बसतात. मातीत ओतलं तर कुत्री चाटतात. तुम्हाला सांगितलं, भुरीचं दूध वासराला सोडते आहे, आणि वासराला दुसऱ्या गाईचं पाजलं. मग माझं शिकलेल्या माणसाचं डोकं चाललं. गोबरगॅसच्या कुंडीत ओतलं की कोणाला दिसत नाही, शेणात मिसळून जातं, झालं की. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, तुम्ही शेण कालवून गेलात की मी मागून भुरीची बादली रिकामी करायची.

टाकीच्या पोटात जे जीव शेणाचा गॅस करतात, त्यांनाही ते औषध मारणारच, हे मला कळायला हवं होतं. एवढे कागद वाचले होते ना मी.

कानबाईच्या दिवशी सकाळी खीर चढवायला गॅस उघडला. फुसफुस आवाज आला, काडी धरली, विझली. दुसरी काडी, विझली. टाकीत गॅस भरलेला होता, पण तो जळतच नव्हता. बायका पुरण घेऊन उभ्या, रोटांचं पीठ मळून तयार. तुम्ही पळत कुंडीकडे गेलात, पळत परत आलात, पाइप हलवून पाहिला, पाणी साचलंय का पाहिलं, पुन्हा काडी लावलीत. शेवटी अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या, पावसात भिजलेली लाकडं, नुसता धूर. आणि सगळ्या भाऊबंदांसमोर दगा आप्पा, तुमचे चुलतभाऊ, बिडी ओढत म्हणाले, "नाना, तुना गॅसपेक्षा मन्ही बिडी बरी, पेटस तरी!" अंगणभर हसणं झालं.

तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "पावसानं पानी घुसनं कुंडीमा. मन्हीच चूक शे."

मी तिथेच उभी होते. हातात पुरणाचं पातेलं होतं. तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. मी पातेलं घेऊन आत गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुंडीत शेण टाकणं बंद केलंत, चुन्याचं पाणी सोडलंत, सोनगीरच्या पुढे एकाचा चालू गॅस होता तिथून स्लरी पिंपात भरून ट्रॅक्टरने आणलीत, एकदा नाही, चारदा. महिन्याने ज्योत निळी झाली. कुंडीवर पत्र्याचं छप्पर केलंत, पाऊस जाऊ नये म्हणून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि तो बंब तुम्ही भर पावसात स्वतः ओढत होतात. त्या छपराजवळून जाताना मी दुसरीकडे बघायची. दगा आप्पांचं मात्र चांगलं चाललं. दरवर्षी कानबाईला, दर लग्नात, दर साखरपुड्यात त्यांना बिडीची गोष्ट सांगायला मिळाली. तुम्ही हसून घ्यायचात. 'व्हय रे भाऊ, मन्हीच चूक' म्हणायचात. प्रत्येक वेळी मी कुठेतरी कामाला निघून जायची.

सांगायचा प्रयत्न मी केला, नाना, खरंच केला. एकदा मक्याच्या बांधावर सुरुवात केली, तर तुम्ही मोटर बंद करायला गेलात. एकदा देवपूरचे गिऱ्हाईक बसले होते. आणि या हिवाळ्यात, तुमच्या छातीचं दुखणं वाढून तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा, मी दार लोटून जवळ बसले आणि म्हटलं, नाना, एक सांगायचं आहे. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भुरीले पाचवं येत व्हई ना आते?" मी म्हटलं, हो, पाचवं वेत. तुम्ही म्हणालात, "चांगली गाय शे. वाचनी." आणि झोपलात. मला वाटलं, कळलंय यांना. मग वाटलं, चोराच्या मनात चांदणं. सांगायचं राहून गेलं. आठ दिवसांनी दुपारी जेवून कुशीवर वळलात ते वळलात. त्रास झाला नाही, एवढं देवाने बरं केलं.

तेरा दिवस मला एकच गोष्ट खात होती. आपल्या हाताने आपण गॅस बिघडवला आणि भाऊबंदांत हसं करून घेतलं, असं समजून हा माणूस गेला. आणि ते माझ्यामुळे.

काल दुपारी पंगती उठल्यावर डॉक्टर भेटायला आले. गोठ्यात गेले, भुरीला हात लावला, आणि सहज म्हणाले, "नानांनी हिच्यासाठी मला काय झापलं होतं हो." मी विचारलं, कधी? म्हणाले, कानबाईनंतर दोनच दिवसांनी. "दवाखान्यात येऊन बसले. म्हणाले, इंजेक्शन दिलेल्या गायीचं दूध गोबरगॅसमध्ये गेलं तर काय होतं? मी सांगितलं, गॅस बसतो. मग मला झापायला लागले, की पोरीला औषधाबरोबर हे सांगायला नको का? दूध कुठे टाकायचं ते नको का सांगायला? मी माफी मागितली."

डॉक्टर म्हणाले, "निघताना काय म्हणाले माहितीये? 'पोरीनी गाय वाचाडी. मी येडा लेप लावत बसनू. हाई गोष्ट आठेच ऱ्हाऊ दे.' म्हणजे इथल्या इथेच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही, मला माहीत नव्हतं. मी चाऱ्याच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. मग मला हसू आलं. मग तुमचा असा राग आला की सांगता सोय नाही. तीन वर्षं! तुम्ही रिकाम्या नळ्यांची टोपणं पाहिली असणार, कुंडीतला पांढरट थर पाहिला असणार, आणि तरी माझ्यासमोर ते पत्र्याचं छप्पर बांधत बसलात? एका वाक्यात सुटका झाली असती माझी. पण मग मला वाटलं, ते वाक्य बोलायचं तर तुम्हालाही तुमचं वाक्य बोलावं लागलं असतं, की लेपाने भुरी मेली असती. तेवढं तुमच्याने झालं नाही. माझ्यानेही झालं नाही. आपण दोघं सारखेच निघालो, आणि दोघंही त्या गॅसच्या आड लपलो.

आणि तिथेच, कडब्यावर बसल्या बसल्या, मला एक आठवलं. त्या कानबाईनंतर गोठ्यावर आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला तुम्ही सुईचं वाक्य ऐकवलं नाहीत. मी ते तेव्हा ध्यानात घेतलंच नाही. तुम्ही म्हणायला लागला होतात, "आजारी गायनं दूध तुमना भांडामा पडाव नही." मला वाटायचं, म्हातारपणी माणूस बोलणं बदलतो. नाना, तुम्ही माझं झाकलंत, पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं तेव्हापासूनच थांबवलंत. एवढं मला कधी जमलं असतं का, मला शंका आहे.

मी तोंड धुऊन बाहेर आले. ओट्यावर भाऊबंद पान खात बसले होते. तुमच्या आठवणी निघाल्या होत्या, आणि दगा आप्पांनी बिडी काढलीच. म्हणाले, "आम्हना नाना बठ्ठामा हुशार, पन त्याना गॅसनी कानबाईले धोका दिधा." चार जण हसले, प्रेमानेच हसले. तुमचा लेकही हसला.

मी सासऱ्यांच्या वयाच्या माणसांसमोर कधी उंच आवाजात बोलले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काल बोलले. म्हटलं, आप्पा, तो गॅस मी बिघडवला होता. भुरीला मीच डॉक्टर बोलावून इंजेक्शन द्यायला लावलं आणि तिचं सात दिवसांचं दूध मी त्या कुंडीत ओतलं. पावसाचं पाणी वगैरे काही गेलं नव्हतं. नानांना दोन दिवसांत कळलं होतं, आणि त्यांनी स्वतःवर घेतलं.

तुमच्या लेकाचं तोंड उघडं राहिलं, अजून तो माझ्याकडे तसाच बघतो आहे. दगा आप्पांनी हातातली बिडी विझवली. मला वाटलं, आता हा माणूस मला बोलणार, कानबाईच्या रोटांशी खेळ केलास म्हणणार. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे नानानी चूक काहीच नव्हती?"

मी म्हटलं, काहीच नव्हती.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू, आतल्या खोलीत तुमच्या फोटोसमोर गेले. आम्ही सगळे दारातून बघत होतो. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "तीन साल तुले हासनू रे भाऊ. उगाज हासनू."

आणि त्यांना रडू आलं, नाना. मला आलं नाही. मला फक्त भूक लागली.